संध्याकाळची भांडणं, पुन्हा पुन्हा सुजणारे पाय, पाण्यात विष्ठा: औषधाआधी पक्ष्यांच्या बसायच्या दांड्या तपासा

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका निळ्या बजीचा, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाचा, डावा पाय सुजला. डॉक्टरांनी मलम दिलं. पंधरा दिवस त्याला छोट्या पिंजऱ्यात वेगळं ठेवलं, पाय बरा झाला, म्हणून परत मोठ्या पिंजऱ्यात सोडला. पाच आठवड्यांनी तोच पाय, तसाच लाल. पुन्हा डॉक्टर, पुन्हा मलम. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पाय बघायच्या आधीच विचारलं, "हा बसतो कशावर?"

"पाईपवर," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. फक्त मान हलवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमचा पिंजरा नाशिकला, घराच्या गच्चीवर. आठ फूट लांब, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. एका टोकाला तीन बाजूंनी पत्रा, बाकी अर्ध्या इंची जाळी. आत १२ बजी आणि ४ कॉकटिएल, म्हणजे बजीहून मोठे, तुरेवाले पोपटवर्गी पक्षी. (बाजारात बजीला 'लव्हबर्ड' म्हणून विकतात आणि कॉकटिएलला 'कॉकटेल' म्हणतात. खरे लव्हबर्ड वेगळे. ते बजीबरोबर ठेवू नका, बजीच्या पायाची बोटं चावतात.) सांगाडा वेल्डिंगवाल्याने केला आणि दांड्या मी. वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घरात पडून होता. त्याचे चार-चार फुटांचे तीन तुकडे कापले आणि पिंजऱ्याच्या मधोमध तीन उंचींवर जिन्यासारखे बसवले. दिसायला झकास. धुवायला सोपं. पाहुणेही म्हणाले, काय नीटनेटकं केलंय.

पुढचं दीड वर्ष पाच तक्रारी आलटून पालटून चालू राहिल्या. पाय सुजणं. दिवे लागणीला मारामारी. पाण्याच्या भांड्यात रोज विष्ठा. कॉकटिएलच्या शेपट्यांची टोकं झाडूसारखी झिजलेली. आणि बजीची अंडी घातली जायची, पण उजेडात धरली की बहुतेक रिकामी. मी या पाच गोष्टींना पाच आजार समजत होतो. पायाला मलम, भांडणावर उपाय म्हणून एक नर मित्राला देऊन टाकला, अंड्यांसाठी कॅल्शियम. सगळं थोडे दिवस चालायचं आणि परत मूळपदावर. तुमच्याकडेही यातलं काही उपाय करून परत परत येत असेल, तर पुढचं वाचा.

आधी वर्तमानपत्र पसरा

दांडी कुठे चुकली हे डोळ्यांनी कळत नाही, कारण आपण पिंजऱ्याजवळ गेलो की पक्षी हलतात. मला कळलं ते विष्ठेवरून. संध्याकाळी पक्षी बसायच्या आधी खाली सगळीकडे वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या बघा. रात्रभर पक्षी जिथे बसला तिथे खाली ढीग असतो. दिवसभराची विष्ठा विखुरलेली असते, रात्रीची एकाजागी. सलग तीन रात्री करा आणि ढिगांवर पेनाने खुणा करा.

माझ्या कागदावर जे उमटलं ते बघून मला लाज वाटली. मधल्या आणि खालच्या दांडीखाली जवळजवळ काहीच नाही. सगळा पसारा वरच्या एका दांडीखाली, तोही तिच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. जाळीला लागून आणखी चार ढीग, म्हणजे चार पक्षी दांडीवर झोपतच नव्हते, जाळीला लटकून रात्र काढत होते. १२ फूट दांडी बसवली होती, वापरात होती दोन फूट.

पश्चिमेचा अर्धा भाग रिकामा का? दुसऱ्या रात्री अकरा वाजता गच्चीवर जाऊन बसलो तेव्हा समजलं. शेजारच्या इमारतीचा जिन्यातला दिवा हालचाल दिसली की पेटतो, आणि त्याचा झोत बरोबर त्या अर्ध्या भागावर. तुमच्याकडे कारण वेगळं असेल. पावसाचे फवारे, वाऱ्याचा झोत, जाळीबाहेरून मांजर बसायची जागा. नाशिकची थंडी तर बोलायलाच नको, निफाडचा पारा दर डिसेंबरात पेपरात असतोच. वाऱ्याच्या तोंडाशी असलेली दांडी हिवाळ्यात कोणी वापरत नाही. पक्ष्याने एखादी जागा टाकली की तो हट्टी नसतो, त्याला तिथे काहीतरी खुपत असतं.

संध्याकाळचं भांडण: उंची, आणि तीही इंचाची

सूर्य मावळताना वीस-पंचवीस मिनिटं ढकलाढकली होणं नैसर्गिक आहे, त्याची काळजी नको. काळजी कधी करायची? अंधार पडल्यावरही फडफड चालू असेल, कोणी जाळीला लटकून झोपत असेल, किंवा सकाळी कुणाच्या बोटाला रक्त दिसत असेल तर.

थव्यातल्या पक्ष्याला झोपायला सगळ्यात उंच जागा हवी असते. माझ्या जिन्यासारख्या रचनेत वरची पायरी एकच होती, म्हणून तिच्यावर सोळा जणांचा दावा. मधली पायरी रात्रीपुरती असून नसल्यासारखी. एक नर देऊन टाकल्यावर आठवडाभर शांतता होती, कारण सगळे नव्याने आपापली जागा ठरवत होते. मग पुन्हा तेच.

पहिली दुरुस्ती मी चुकीची केली. वरच्या दांडीसमोर दुसरी बसवली, पण बसवायला सोपं म्हणून दोन इंच वर. त्या संध्याकाळी सगळा थवा नव्या दांडीवर तुटून पडला आणि जुनी ओस. दोन इंचांचा फरक आपल्याला दिसतही नाही, त्यांना तो दिसतो. म्हणून झोपायच्या सगळ्या दांड्या एकाच उंचीवर हव्यात, आणि हे नजरेने ठरवायचं नाही. गवंड्याची पाणसळ आणा. मी आणली. एक दांडी दुसऱ्या टोकाला बोटभर चढलेली निघाली, आणि भांडणं नेमकी त्या चढत्या टोकाला होत होती.

याच कारणाने वळणदार, कुबड असलेली सुंदर फांदी झोपायच्या जागी लावू नका. तिचं कुबड म्हणजे एकच खुर्ची. तिला दिवसाच्या वावरासाठी खाली जागा द्या. वर सरळ फांदी.

मग हिशेब. बजीला झोपताना शेजाऱ्याची चोच लागणार नाही एवढी जागा म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, कॉकटिएलला २५. जोडीदार चिकटून बसतात, पण हिशेब चिकटून बसण्याचा करायचा नाही. १२ बजींचे १८० आणि ४ कॉकटिएलचे १००, मिळून २८० सेंटिमीटर दांडी वरच्या पातळीला हवी. माझ्याकडे होती १२०. त्यातही दोन्ही टोकांचे दहा-दहा सेंटिमीटर वजा करा, कारण तिथे पंख आणि शेपूट बाजूच्या जाळीला घासते. राहिली १००. तीन जणांच्या बाकावर सात-आठ जण बसवल्यासारखं. मग जो कमी चावतो तो जाळीवर. आमच्याकडे जाळीवर कॉकटिएल होते. आकाराने दुप्पट असूनही ते बजीपुढे नमतं घेतात. बजी लहान असला तरी दादा.

आता समांतर दांड्यांमधलं अंतर. दोन दांड्या एकाच पातळीवर ठेवल्या तर मधे किमान ४० सेंटिमीटर ठेवा. त्याहून कमी असेल तर पाठमोऱ्या बसलेल्या कॉकटिएलची शेपूट मागच्याच्या तोंडावर येते. फक्त बजी असतील तर ३० चालतं.

आणि मधला भाग मोकळा सोडा. हे लिहिताना मला माझाच जुना पिंजरा दिसतो. मधोमध दांड्या असल्याने पक्षी उडत नव्हते, एका पाईपवरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. सरळ आठ फूट उडता आलं असतं, तर मी त्यांना दीड फुटाच्या उड्यांवर ठेवलं होतं. न उडणारा बजी जाड होतो, आणि जाड बजीच्या तळव्यावर जास्त भार येतो. म्हणजे भांडणाची दांडी आणि सुजलेल्या पायाची दांडी एकच.

पाय: जाडी, आणि जाडीतला फरक

पक्ष्याच्या पायात जो आपल्याला उलटा गुडघा वाटतो, तो त्याचा घोटा. बसताना घोटा दुमडला की मागची शीर ताणली जाते आणि बोटं मिटायला मदत होते, म्हणून झोपेत तो सहसा पडत नाही. पोपटवर्गी पक्ष्यांची दोन बोटं पुढे, दोन मागे. फिंच या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्यांची तीन पुढे, एक मागे. या पकडीत सगळं वजन तळव्याच्या ठरावीक गाद्यांवर येतं. दांडी सगळीकडे एकाच जाडीची, एकसारखी गोल आणि गुळगुळीत असेल, तर रोज, रात्रभर, त्याच दोन-तीन ठिपक्यांवर दाब. आधी तळव्यावरची खवल्यांची नक्षी पुसट होते आणि कातडी चकचकीत दिसते. मग लाल होते, मग खपली, मग आत पू. विष्ठेने माखलेल्या दांडीवरून जंतू त्या चिरेत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. इंग्रजीत याला 'बंबलफूट' म्हणतात, आणि आपले पक्षीवालेही तेच म्हणतात.

चकचकीत तळवा ही पहिली खूण. पक्ष्याला हातात धरून उलटा करायची गरज नाही. तो जाळीला चिकटला की बाहेरून मोबाईलने तळव्याचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. महिन्यातून एकदा पुरे. खपली दिसली तर ती उचकटू नका, नेलकटर चालवू नका, हळद भरू नका. डॉक्टरकडे. पण डॉक्टरकडून आल्यावर त्याच पाईपवर सोडला तर पाच आठवड्यांनी पुन्हा भेट होईल, हे मी तीनदा सिद्ध केलं आहे.

जाडी मोजायला व्हर्निअर लागत नाही, दोरा पुरतो. फांदीभोवती एकदा गुंडाळा आणि पट्टीवर लांबी बघा. बजीसाठी घेर साडेतीन ते पाच सेंटिमीटर. कॉकटिएलसाठी पाच ते आठ. झेब्रा फिंचसाठी अडीच ते चार. (देशी पोपटासाठी केवढी असं कृपया विचारू नका. त्याला पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.) माझ्या पाईपचा घेर ६.३ होता, म्हणजे बजीच्या पायाला जाड आणि वर निसरडा. पकड पुरेशी बसत नव्हती, म्हणून ते तळव्यावर उभे राहत होते. उलट, फार बारीक दांडीवर पुढची आणि मागची नखं एकमेकांवर चढतात आणि तळव्याला टोचतात. बरोबर जाडीवर बोटं दांडीभोवती साधारण पाऊण वेढा घेतात आणि नखांच्या टोकांमध्ये फट राहते.

सुतार किंवा हार्डवेअरवाल्याकडे मिलिमीटर बोललात तर तो तुमच्याकडे बघत बसेल. सुतात बोला. चार सूत म्हणजे अर्धा इंच, पाच सूत म्हणजे सोळा मिलिमीटरच्या आसपास. पण लेथवर फिरवलेला गोल दांडा पाच सुती असला तरी शेवटी एकसारखाच. खरा उपाय नैसर्गिक फांदी, जी बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असते. आमच्या पेरूच्या फांदीचा घेर एका टोकाला सात आणि दुसऱ्या टोकाला साडेचार आहे. आठवडाभरात कॉकटिएल जाड टोकाला आणि बजी बारीक टोकाला सरकले. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाजारात दांडीवर चढवायच्या सॅंडपेपरच्या नळ्या मिळतात, 'नखं आपोआप घासतात' म्हणून. नखं राहतात तेवढीच आणि तळवा सोलतो. घेऊ नका.

एक गोष्ट दांडीपलीकडची. नुसता राळा आणि बाजरी खाणाऱ्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याने कातडी कमजोर होते आणि पाय लवकर जखमी होतो. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर रोज थोडं द्या. पहिले दहा दिवस ते त्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. देत राहा.

पाण्यात विष्ठा आणि झिजलेल्या शेपट्या

हे दोन्ही पटकन सुटतात. भांड्याच्या बरोबर वर काहीही बसण्यासारखं नको, अगदी जाळीची आडवी पट्टीसुद्धा. बसलेला पक्षी दांडीच्या सरळ रेषेत नाही, थोडा मागे विष्ठा टाकतो, म्हणून दांडीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा धोक्याची धरा. खालच्या दांड्याही वरच्यांच्या सरळ खाली नकोत, नाहीतर रोज त्या धुवायच्या, आणि आपण रोज धूत नाही. भांडं बाजूच्या जाळीला, मधल्या मोकळ्या भागात, वर पत्र्याचा छोटा तुकडा. त्या तुकड्याला चांगला उतार द्या, सपाट ठेवला तर त्याचीच दांडी होते.

शेपट्यांचं कारण जाळी. कॉकटिएलची निम्मी लांबी शेपटीत असते. दांडी भिंतीपासून २५ सेंटिमीटर लांब हवी, बजीला १५. माझी दांडी मधोमध असूनही शेपट्या झिजत होत्या, याचा उलगडा कागदाने केला: ते दांडीवर नव्हतेच, जाळीवर होते. जागा मिळाली तशा शेपट्या पुढच्या पीसगळीनंतर आपोआप नीट आल्या. जाळीपासूनच्या अंतराचा आणखी एक फायदा आहे. आमच्या गच्चीवर शिक्रा हा शिकारी पक्षी येतो. जाळीला चिकटून बसलेल्या पक्ष्याचं बोट बाहेरून ओढता येतं, मांजरालाही आणि शिक्र्यालाही. वीतभर आत बसलेल्याचं नाही.

वरून किती खाली? पत्र्याखाली ३०-३५ सेंटिमीटर. कॉकटिएल तुरा उभारतो, पंख ताणतो, त्याला डोक्यावर जागा लागते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याखाली हात नेऊन बघा. पत्र्यावर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाकलेली नसेल तर पक्षी दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकतील आणि तुम्ही दांडीला दोष द्याल.

रिकामी अंडी: दांडी हलते का?

यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. अनुभवी पक्षीवाले हे पूर्वीपासून सांगतात: मिलनाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर चढून तोल सांभाळतो. त्याच क्षणी दांडी फिरली किंवा डुगडुगली की सगळं फुकट. अंडं येतं, फळत नाही. म्हातारा नर, कोवळी मादी, अपुरा आहार अशी इतर कारणंही असतात, पण दांडी तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत.

दांडीचं टोक मुठीत धरून पिळा. गोल दांडी गोल भोकात बसवली असेल तर ती फिरणारच. माझे पाईप जाळीच्या तारेला वायरने बांधलेले होते, ते फिरतही होते आणि खालीवरही होत होते. आता चौकटीच्या अँगलला दोन्ही बाजूंनी इंग्रजी यू अक्षरासारख्या पत्र्याच्या खोबणी वेल्ड करून घेतल्या आहेत. फांदीची टोकं सुरीने चपटी तासून त्यात बसवतो आणि वरून एक स्क्रू. फिरत नाही, आणि धुवायला अर्ध्या मिनिटात निघते. वेल्डिंग केलं तेव्हा पक्षी अर्थातच खाली घरात होते.

ओली फांदी बसवली असेल तर तीन-चार आठवड्यांत ती वाळून आकसते आणि ढिली होते. हे मी विसरलो होतो आणि पहिल्याच महिन्यात एक फांदी रात्री खोबणीतून सुटली. तिच्यावरच्या पाच जणांनी अंधारात जो गोंधळ घातला, तो ऐकून खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चार फुटांच्या लांबीला मधे झोलही येतो. म्हणजे पुन्हा टोकं उंच, मध्य खोल, आणि टोकांसाठी भांडण. मधोमध वरून एका जाड तारेचा टेकू दिला, पाणसळ पुन्हा लावली.

झोके आणि सुती दोरांच्या दांड्या हलल्या तरी चालतात, त्या व्यायामासाठी. फक्त दोराचे धागे सुटले की नख अडकून पक्षी उलटा लटकतो, आणि चघळलेले धागे गळ्याच्या थैलीत साठतात. धागा दिसला की कापा, फार झाले की फेका.

रात्री मधेच दचकून फडफड

कॉकटिएलसाठी ही नेहमीची गोष्ट. पाल, उंदीर, गाडीचा झोत, दिवाळीतला बॉम्ब. अंधारात ते आंधळेपणाने उडतात आणि आपटतात. झिरोचा एक बल्ब, थेट डोळ्यावर न येणारा, बराच फरक पाडतो. झोपायच्या दांड्यांसमोर झोका टांगू नका.

पण दिवा लावूनही सगळेच, बजीसुद्धा, रात्री अस्वस्थ असतील, सारखे अंग खाजवत असतील, तर दांडीची टोकं बघा. रक्त पिणारे बारीक लाल माइट दिवसा फटीत दडतात आणि रात्री पक्ष्यावर चढतात. म्हणून दिवसा पक्षी तपासला तर काहीच सापडत नाही. रात्री नऊ-दहाला पांढरा रुमाल घ्या, दांडीच्या टोकांवरून आणि खोबणीतून दाबून फिरवा. तांबडे ओरखडे उमटले तर आहेत. पोकळ पाईप आणि बांबू ही त्यांची हक्काची घरं. माझ्या एका पाईपच्या टोकातून जे निघालं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचू नये. फांद्या बदला, खोबणी उकळत्या पाण्याने धुवा, आठवड्याने पुन्हा रुमाल फिरवा. पक्ष्यांवरचं औषध डॉक्टर वजन बघून देतात. कोंबड्यांचं औषध अंदाजाने बजीला देऊ नका. तो जेमतेम ३०-४० ग्रॅमचा जीव आहे.

कोणती फांदी

पेरू पहिला. कठीण, चिवट, साल पातळ. कडुनिंब, जांभूळ, नीलगिरीही चांगल्या. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, नीलगिरी त्याच्या घरची. निंबाची साल तर ते दोन दिवसांत सोलून काढतात, हा तोटा नाही, तो त्यांचा उद्योग आहे. शेवगा हलका आणि ठिसूळ, लगेच मोडतो. बांबू गुळगुळीत, शिवाय पोकळ. कण्हेर, मग ती लाल असो की पिवळी, रुई, शेर, एरंड यांच्याजवळ जाऊ नका. साधा नियम: तोडल्यावर पांढरा चीक येतो ते झाड सोडा. कण्हेरीसारखी झाडं तर नावानिशी ओळखून सोडा.

रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या बागेतली फांदी नको. आणलेली फांदी ब्रशने घासून गरम पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसतं आणि लाकडाला बुरशी धरते, म्हणून मी मे महिन्यात जास्तीच्या फांद्या वाळवून कपाटावर ठेवतो. घरचे त्याला सरपण म्हणतात.

आता काय रचना आहे

पत्र्याच्या बंद टोकापासून मोजलं तर वरच्या दांड्या २५, ६५ आणि २१५ सेंटिमीटरवर, तिन्ही जमिनीपासून १६३ उंच. टोकं वजा करून ३०० सेंटिमीटर जागा, गरज २८०. मधे दीड मीटर मोकळं. २१५ची दांडी उघड्या बाजूला होती म्हणून पहिले दोन आठवडे कोणी झोपेना. तिच्यावर पत्र्याचा तुकडा आणि मागे ताडपत्री लावल्यावर चौथ्या रात्री सहा ढीग मोजले. खालच्या दोन वेड्यावाकड्या फांद्या ११० उंचीवर, ४५ आणि १९० वर, म्हणजे वरच्या कुठल्याच दांडीखाली नाहीत. आणि जमिनीपासून ६० वर, बाजूच्या जाळीला, एक फूटभराचा ठोकळा, घरट्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लांसाठी. त्यांना वर उडता येत नाही, आणि जमिनीवर बसलेलं पिल्लू रात्री गारठतं. शेजारच्या जिन्यातल्या दिव्यापुढे हिरवी जाळी बांधली.

निळ्या बजीचा पाय डिसेंबरपासून पुन्हा सुजलेला नाही. भांडण रोज होतं, वीस मिनिटं, मग शांत. अंड्यांबद्दल एका हंगामावरून बोलणं घाईचं, पण या वेळी सातातली पाच फळली.

एक कॉकटिएल नर मात्र अजून दाराच्या कडीवर झोपतो. पाणसळ लावून पाहिली. कडी तिन्ही दांड्यांपेक्षा चार सेंटिमीटर उंच निघाली. वेल्डिंगवाल्याला रविवारी बोलावलंय, कडी खाली घ्यायला.